योनिमार्ग घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि भरून येणे

रानजाई

नमस्कार. हा विषय उघडपणे लिहिण्याचा नाही असे घरात मानले जाते, पण विचारायला दुसरी जागा नाही, म्हणून इथे लिहीत आहे. माझी दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली. दुसऱ्या वेळी बाळ वजनदार होते, चिमटा लावावा लागला आणि खाली बरेच फाटले होते. टाके घातले गेले, पण त्यानंतर पुढची कित्येक वर्षे खाली काहीतरी सैल आणि जड असल्याची भावना गेली नाही. शौचाला बसल्यावर योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाब दिल्याशिवाय पोट साफ होत नसे, आणि हे मी कोणालाही सांगितले नव्हते. गेल्या वर्षी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की मागची भिंत पुढे झुकली आहे आणि योनी व गुदद्वार यांच्यामधला स्नायूंचा भाग जवळपास उरलेलाच नाही. त्यांनी दोन्हींची दुरुस्ती केली. घरी सासूबाईंना मूळव्याधीचे ऑपरेशन म्हणून सांगितले आहे.

आता महिना उलटून गेला आहे. सुरुवातीचे ठणकणे कमी झाले, पण खुर्चीवर बसले की डाव्या बाजूला एका ठिकाणी टोचल्यासारखे होते, संध्याकाळी सगळे खाली ओढल्यासारखे वाटते आणि पिवळसर पांढरे जाते, ज्यात कधी कधी धाग्याचे तुकडे दिसतात. शौचाची भीती तर पूर्वीपेक्षा वाढली आहे. हे दुखणे नेहमीचे आहे का, ते किती दिवस राहते, आणि नवरा-बायकोच्या संबंधांना कधी सुरुवात करावी, हे ज्यांना अनुभवाने किंवा शिक्षणाने माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोरांटी

रानजाईताई, माझे अंग बाहेर येत होते, म्हणून पिशवी काढून पुढची आणि मागची अशा दोन्ही भिंतींची दुरुस्ती झाली. त्यामुळे माझी शस्त्रक्रिया तुमच्यापेक्षा मोठी होती, पण तुम्ही लिहिलेले जवळपास सगळे मी अनुभवले आहे.

पहिल्या रात्री लघवीची नळी होती आणि रक्त थांबण्यासाठी आत कापडाची लांब पट्टी भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती ओढून काढताना जे झाले त्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी, ती काढण्याआधी वेदनाशामक द्या, असे परिचारिकेला आवर्जून सांगावे. नळी काढल्यावर लघवीला वेळ लागतो, तेव्हा घाबरून जोर करू नये. कोमट पाणी वरून सोडले की मला सोपे जाई. मात्र काही तास लघवी झालीच नाही आणि पोट फुगले तर लगेच सांगायला हवे.

माझ्या मते या सगळ्यात सर्वात अवघड गोष्ट टाके नसून शौच आहे. भीतीमुळे आपण कळ दाबून ठेवतो, मग खडा होतो, आणि त्या खड्यामुळे ताज्या टाक्यांवर ताण येतो. त्यात दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलसारखी गोळी चालू असेल तर आतडे आणखी मंदावते. मला डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून लॅक्ट्युलोजचे औषध दिले होते आणि पुढे रात्री इसबगोल घेत असे, ज्याच्याबरोबर भरपूर पाणी प्यावेच लागते, नाहीतर उलटाच परिणाम होतो. कमोडवर बसताना पायाखाली लहान पाट ठेवला की गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर न करता मळ बाहेर पडतो. शौचाच्या वेळी स्वच्छ पॅड हातात धरून बाहेरून टाक्यांना अलगद आधार दिला की भीती बरीच कमी होते. आणि हो, धाग्याचे तुकडे पडणे नेहमीचे आहे. मला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा सगळे उसवले असे वाटून मी रडले होते.

वैद्यक_मैत्रीण

मी गेली अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे तपासणी करता येत नाही, म्हणून मी लिहिते ते समजून घेण्यापुरते धरावे आणि तुमच्या शल्यचिकित्सकांना एकदा दाखवून यावे.

योनिमार्ग घट्ट करणे म्हणून जे ओळखले जाते त्यात प्रत्यक्षात दोन भाग असतात. योनीच्या मागच्या भिंतीचे अस्तर उघडून त्याखालचा तंतुमय थर मध्यभागी शिवून घेतात, आणि बाळंतपणात फाटून बाजूला सरकलेले खालचे छोटे स्नायू एकत्र आणून योनी व गुदद्वार यांच्यामधला भाग नव्याने बांधतात. आत वापरलेले धागे काढावे लागत नाहीत. पॉलिग्लॅक्टिनचा नेहमीचा धागा तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मी ताकद गमावतो आणि पूर्ण विरघळायला साधारण ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे रानजाई, तुमच्याकडे जे धागे पडत आहेत ते वेळेवरच पडत आहेत, आणि ते विरघळत असताना सहा आठवड्यांपर्यंत पिवळसर किंवा पांढरे जाणे अपेक्षित आहे. त्याला घाण वास येऊ लागला किंवा ताजे लाल रक्त जाऊ लागले तर मात्र ते अपेक्षित नाही.

दुखण्याचे टप्पे साधारण असे असतात. पहिले तीन-चार दिवस सूज आणि ठणका जास्त असतो. त्यानंतर ठणका ओसरतो आणि ओढ, जडपणा व टोचणे राहते, जे दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी वाढते. बहुतेक स्त्रिया सहा आठवड्यांच्या आसपास घरातली रोजची कामे आरामात करू लागतात. पण बरे वाटणे आणि जखम आतून मजबूत होणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. कोणत्याही जखमेच्या ऊतींना मूळच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या जवळ यायलाच सुमारे तीन महिने लागतात, आणि व्रण मऊ होत राहण्याचे काम वर्षभर चालते. म्हणूनच बरे वाटू लागल्यावर लगेच पाण्याची भरलेली बादली उचलणे टाळावे, असे मी प्रत्येकीला सांगते. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन नको. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

वेदनाशामकांबद्दल आपल्याकडे एक चुकीची कल्पना आहे की दुखणे असह्य झाले तरच गोळी घ्यावी. सुरुवातीचे काही दिवस ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल घेतले तर एकूण औषध कमी लागते. प्रौढ व्यक्तीला दिवसात ४ ग्रॅमपेक्षा जास्त कधीही नाही, आणि वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी. त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन जेवणानंतर घेता येते, पण मूत्रपिंडाचा आजार, पोटातील व्रण किंवा दमा असल्यास विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिल्या एक-दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, आणि नंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर टबमध्ये कोमट पाणी घेऊन बसावे. पाण्यात डेटॉल किंवा सॅव्हलॉन घालू नये, कारण त्याने नाजूक त्वचा भाजते. बाळंतिणीला देतात तशी शेगडीची धुरी इथे अजिबात नको.

ताप ३८ अंशांच्या वर जाणे, एका तासात पॅड पूर्ण भिजणे, एका बाजूला झपाट्याने वाढणारी ताणलेली सूज, लघवी अडणे, योनीतून वारा किंवा मळ येणे, किंवा एका पोटरीत दुखणे व सूज, यापैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता संबंधांविषयी. किमान सहा आठवडे थांबावे आणि त्यानंतरही तपासणी होऊन जखम भरल्याची खात्री झाल्यावरच सुरुवात करावी. अनेकींना दहा-बारा आठवडे लागतात आणि त्यात काहीही गैर नाही. इथे मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. मागच्या भिंतीच्या दुरुस्तीनंतर संबंध वेदनादायक होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. फ्रान्सिस आणि जेफकोट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६१ मध्येच त्यावर लिहिले होते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू मध्यभागी ओढून शिवले की आत एक कडक आडवी पट्टी तयार होते, आणि ही वेदना बऱ्याचदा तिथून येते. त्यामुळे किती घट्ट करायचे हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकट्या डॉक्टरने सोडवण्याचा नाही, तो आधी त्या स्त्रीशी बोलून सोडवायचा आहे.

चैत्रपालवी

वैद्यक_मैत्रीण यांचे शेवटचे वाक्य वाचून मी लिहायला बसले. मला रानजाईसारखी कोणतीही तक्रार नव्हती. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर, मुलाच्या जन्मानंतर, एका मोठ्या शहरातल्या सौंदर्योपचार केंद्रात मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते, आणि तिथे मला सांगण्यात आले की छोटीशी शस्त्रक्रिया केली तर संसारात नवी गोडी येईल व आठवड्याभरात कामावर जाता येईल. मागच्या भिंतीत स्नायू ओढून शिवणार आहेत, त्यामुळे पुढे वेदना राहू शकते, यातले एक अक्षरही संमतिपत्रावर सही घेताना मला सांगितले गेले नाही.

जखम वेळेत भरली. वरून पाहणाऱ्याला सगळे उत्तम दिसत होते. पण संबंधांच्या वेळी प्रवेशाशीच सुरीने कापल्यासारखे होई, आणि काही महिन्यांनी तर नुसता स्पर्श होणार या कल्पनेनेच अंग आखडू लागले. तिथे परत दाखवायला गेले तेव्हा, आता छान घट्ट झाले आहे, थोडी सवय होऊ द्या, असे उत्तर मिळाले. माझ्या नवऱ्याने एकदाही जबरदस्ती केली नाही, उलट दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह त्यानेच धरला. त्या डॉक्टरांनी तपासून व्रणाची कडक पट्टी दाखवली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. वर्ष-दीड वर्षाने आज मी पुष्कळ बरी आहे.

ज्यांना आजार नाही आणि केवळ घट्टपणासाठी विचारणा होत आहे त्यांच्यासाठी मी नंतर वाचलेल्या दोन गोष्टी लिहिते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये स्पष्ट केले की केवळ सौंदर्यासाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियांची सुरक्षितता व उपयोग सिद्ध झालेले नाहीत आणि वेदना, संसर्ग, व्रण यांचे धोके रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. तसेच तिथल्या औषध नियामक संस्थेने जुलै २०१८ मध्ये लेझर आणि रेडिओलहरींच्या उपकरणांनी योनी तरुण करण्याच्या जाहिरातींविरुद्ध इशारा दिला आणि त्याने भाजणे, व्रण पडणे व कायमची वेदना होऊ शकते असे म्हटले. शस्त्रक्रिया नको म्हणून लेझरकडे वळणाऱ्या मैत्रिणींनी हेही लक्षात घ्यावे.

श्वास_आणि_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक काम ओटीपोटाखालच्या स्नायूंचेच आहे. चैत्रपालवी यांनी लिहिले तसे रुग्ण मी नेहमी पाहते. जखम भरलेली असते, धागे विरघळलेले असतात, पण दुखणे थांबत नाही, कारण आता दुखते ते स्नायू. दुखण्याच्या भीतीने स्नायू सतत आवळलेले राहतात, आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळते, तो अधिक दुखतो आणि दुखतो म्हणून अधिक आवळतो. हाताला लागल्यावर आपण हात छातीशी धरून ठेवतो, तसेच हे आहे, फरक इतकाच की इथे आपण काही आवळून धरले आहे हे आपल्याला कळतही नाही.

त्यामुळे माझी एक कळकळीची विनंती आहे. शस्त्रक्रियेनंतर कोणी सांगितले म्हणून किंवा व्हिडिओ पाहून आवळण्याचे व्यायाम लगेच सुरू करू नका. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ते व्यायाम सैल आणि अशक्त स्नायूंसाठी फार उपयोगी आहेत, पण आधीच आवळलेल्या, दुखणाऱ्या स्नायूंना आधी सोडायला शिकवावे लागते. पाठीवर झोपून, गुडघ्यांखाली लोड ठेवून, पोटात सावकाश श्वास घ्यावा आणि श्वास आत जाताना खालचा भाग आपोआप खाली उतरतो व सैलावतो, एवढेच अनुभवावे. जोर करून खाली ढकलायचे नाही. हे पहिल्या आठवड्यातही करता येते.

सहा ते आठ आठवड्यांनंतर, तपासणीत जखम पूर्ण भरलेली दिसली की व्रणाची मालिश शिकवतात. स्वच्छ अंगठ्याला वंगण लावून व्रणावर अलगद दाब द्यायचा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतकाच. ज्यांना आत प्रवेशाची भीती बसली आहे त्यांच्यासाठी वाढत्या आकाराच्या गुळगुळीत नळ्या मिळतात, ज्या सर्वात लहान आकारापासून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या गतीने वापरायच्या असतात. पाळी गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये कोरडेपणामुळेही वेदना होते, तिथे डॉक्टर ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम देऊ शकतात.

बसण्याबद्दल रानजाईंनी विचारले आहे. मधे भोक असलेली गोल उशी थोडा वेळ बरी वाटते, पण तासन्‌तास वापरली तर मधल्या भागावर ताण आणि सूज वाढू शकते. त्यापेक्षा दोन्ही मांड्यांखाली घडी केलेले टॉवेल ठेवून मधला भाग मोकळा ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने उठावे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसून केर काढणे आणि फरशी पुसणे सध्या टाळावे. बसल्यावर एका बाजूला जळजळीत दुखणे, जे उभे राहिल्यावर किंवा कमोडवर बसल्यावर कमी होते, ते पुढे टिकून राहिले तर त्या भागातील मज्जातंतूवर दाब आहे का हेही तपासावे लागते, म्हणून हे लक्षण डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा.

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये माझी अशीच दुरुस्ती झाली. घरी जाताना हातात छापील माहिती मिळाली आणि पुढे फिजिओथेरपिस्टची भेटही ठरवून दिली गेली. एक गोष्ट विचारून घ्यावी असे वाटते, ती म्हणजे आत कृत्रिम जाळी बसवली आहे का. योनीमार्गातून बसवलेल्या जाळीमुळे अनेक स्त्रियांना दीर्घकाळ वेदना झाल्या, म्हणून इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिचा वापर थांबवला गेला, आणि अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्याच्या दुरुस्तीसाठी तिची विक्री बंद करायला लावली.

वैद्यक_मैत्रीण

चांगला मुद्दा आहे. रानजाई, तुमच्या वर्णनावरून तुमच्याच ऊतींची शिलाई झालेली दिसते, पण डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेची नोंद असते, ती जरूर वाचा आणि कार्ड जपून ठेवा.

माळरान

मी विदर्भात ग्रामीण आरोग्याचे काम करते. इथल्या चर्चेतला प्रत्येक सल्ला मोलाचा आहे, पण मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांच्यापर्यंत यातले फार थोडे पोचते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केले होते की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तेव्हापासून पुष्कळ बदलले, तरी मायांग बाहेर येत असताना कापड बांधून भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायका मी आजही पाहते. शस्त्रक्रिया झाली तरी सवा महिना सांभाळायला मिळतो तो बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्या बाईला नाही. पंधरा दिवसांत डोक्यावर हंडा आणि सरपणाचा भारा येतो, दुरुस्ती पुन्हा सैल पडते, आणि ऑपरेशन वाया गेले असे म्हणून गावातली दुसरी बाई दवाखान्यात जायलाच तयार होत नाही.

म्हणून आम्ही आता शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी नवऱ्याला आणि सासूला बरोबर बसवतो, पाणी कोण भरणार आणि गुरांचे कोण पाहणार हे नावानिशी ठरवतो, आणि शक्यतो पेरणी-रोवणीचे दिवस टाळतो. रानजाईताई, तुम्ही सासूबाईंना मूळव्याधीचे सांगितले आहे ते मी समजू शकते. पण निदान घरातल्या एका माणसाला खरे कारण माहीत असावे, म्हणजे उचलणे-वाकणे टाळायला दरवेळी नवा बहाणा शोधावा लागणार नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यावर वाचून मी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाऊन आले. डाव्या बाजूला जिथे टोचत होते तिथे टाक्याचे एक कडक टोक बाहेर आले होते, ते त्यांनी कापले. त्याच्याच बाजूला लालसर, कच्चा मांसाचा एक छोटा कण वाढला होता, तो जाळण्यासाठी त्यावर सिल्व्हर नायट्रेट हे औषध लावले. क्षणभर चुरचुरले, पण त्यानंतर बसणे खरोखरच सोपे झाले आहे. संसर्ग नाही आणि शिलाई नीट धरून आहे. स्नायू मध्यभागी ओढून शिवलेत का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी न रागावता आकृती काढून समजावले की मोठ्या स्नायूंना हात लावलेला नाही, फक्त खालचा छोटा भाग बांधला आहे. हा प्रश्न मला आधी सुचलाच नसता.

शौचाला आता बोटाचा आधार लागत नाही. इतक्या वर्षांनी हे प्रथमच घडले आणि मी ते कोणाला सांगू हे कळत नव्हते, म्हणून इथे सांगते. परवा रात्री नवऱ्याजवळ सगळे बोलले. शौचाचा जो त्रास मी एवढी वर्षे लपवला तो ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाणी तापवून बादली तोच नेऊन ठेवतो.

आता एकच विचारायचे आहे. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न कोल्हापूरला आहे आणि एसटीने सहा-सात तासांचा प्रवास आहे. तोपर्यंत अडीच महिने होतील. जाऊ का?

वैद्यक_मैत्रीण

ते सिल्व्हर नायट्रेट लावल्यावर काही दिवस करड्या रंगाचे किंवा किंचित रक्ताळलेले जाऊ शकते, त्याला घाबरू नका. कधी कधी ते पुन्हा लावावे लागते.

अडीच महिन्यांनी प्रवासाला माझी हरकत नाही. बसमध्ये मागच्या चाकांवरची जागा घेऊ नका, पुढची किंवा मधली घ्या. मांड्यांखालचे टॉवेल बरोबर ठेवा, प्रत्येक थांब्यावर उतरून पाच मिनिटे चाला आणि लघवी लागेल म्हणून पाणी पिणे बंद करू नका. बॅग दुसऱ्याने उचलावी. लग्नघरी जेवणाच्या वेळा बदलतात आणि तळलेले जास्त होते, म्हणून इसबगोलचे पाकीट पर्समध्ये असू द्या. पंगतीत खाली मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची मागून घ्या.

रानजाई

खुर्चीचे नवराच सांगेल म्हणतो. जाऊन आले की इथे कळवते.